भाड्याची काठी

बुंदीच्या गढमहालाखाली, चढण सुरू होते तिथं
कजोडीबाई काठ्या मांडून बसते.
दहा रुपये भाडं, वीस अनामत.
"बांदरा घणा छै," म्हणते
आणि माझ्या गुडघ्यांकडे बघून
जरा जाडसर काठी काढून देते.

पाच पावलं गेले असेन, तोच हाक.
वर चाललाच आहात तर एक काम करा.
तलावाच्या अलीकडे, निळ्या घरांच्या गर्दीत
एकच गच्ची पांढरी आहे, चुना नवाच दिलाय.
तिथं खाटेवर मुगाच्या मंगोड्या वाळत घातल्यात.
नुसती नजर टाका.
सून झोपते दुपारची.

मी हो म्हटलं. असल्या कामाला नाही कोण म्हणतं?

चढण घोड्यांच्या मापानं बांधलेली,
दगड इतके गुळगुळीत
की माणूस आपोआप वाकून चालतो.
दारावर दोन हत्ती सोंडेला सोंड भिडवून उभे,
त्यांच्या पोटाखाली बिस्किटाचा पुडा फाडत बसलेला
शाळा बुडवलेला एक पोरगा.
पुढं चित्रशाळा. हिरवा, निळा, पुन्हा हिरवा,
झोपाळ्यावरच्या राण्या, ढगात बगळे;
एकीचा चेहरा कुणी नखानं खरवडलेला,
शेजारी कुणा हेमराजनं आपलं नाव कोरून
खाली तारीखही घातलेली.
रखवालदार म्हणाला, फ्लॅश मारू नका.
माझ्याकडे कॅमेराच नव्हता.
माझं लक्ष मंगोड्यांत.

तारागडावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर.
टाक्यात पाणी, पाण्यावर शेवाळ,
शेवाळावर एक चप्पल.
बुरुजावर माकडं जहागीरदारांसारखी पसरलेली.
माझी काठी बघून एकानं जांभई दिली.

तटाच्या कडेला जाऊन वाकले.
खाली अख्खं गाव,
निळीत बुडवून पिळून पसरल्यासारखं;
तलावात कमरेइतकं उभं राहिलेलं देऊळ,
पाण्याच्या काळ्या टाक्या, अडकलेला पतंग,
आणि ती गच्ची.
नखाएवढी. पांढरी.
खाट दिसली. खाटेवर पिवळसर काहीतरी.
मग कठड्यावर एक तपकिरी ठिपका.
मग तीन.

मी ओरडले. वारा उलटा होता.
काठी दगडावर आपटली, पुन्हा आपटली.
इथली माकडं दचकून पळाली,
तिथली नाही.

एवढा उंच किल्ला,
सगळं दिसतं वरून,
आणि खाटेवरची एक मंगोडी वाचवता येत नाही!
राजांच्याही वाट्याला अशी एखादी दुपार
(पण गुडघा ठणकत होता, विचार तिथंच राहिला.)

तेवढ्यात जिन्यातून लाल ओढणी वर आली.
आता हाकलेल, म्हटलं.
ती खाटेच्या कडेला बसली. केस ओले असावेत,
एका बाजूला घेऊन झटकत होती.
मग ओंजळ भरली
आणि हात लांब केला.
ठिपके जवळ सरकले. सगळ्यात लहान पुढं.
किती वेळ चाललं, माहीत नाही;
मी घड्याळ पाहिलं नाही,
गड पाहायचाही राहिलाच बराचसा.

उतरले. काठी परत दिली.
कजोडीबाईनं ती पदराला पुसली, वीसची नोट उलगडली,
देता देता थांबली.
"सून?"
"झोपलेली होती," मी म्हटलं.
"आणि माकडं?"
"नव्हती."

तिनं नोट माझ्या हातात ठेवली.
"काल केरळचा एक जण वर गेला होता," म्हणाली,
"तोही अगदी हेच सांगून गेला."
आणि मान खाली घालून
काठ्या लहानमोठ्या लावू लागली.